मास्तरांच्या दंडाचं माप

मास्तरांनी वरच्या फळीवरून खाकी कापडाचा ताका खाली उतरवायला घेतला, पण झालं उलटंच. ताक्यानेच मास्तरांना स्टुलावरून खाली उतरवलं. आधी मास्तर पडले, त्यांच्यावर ताका पडला आणि त्यावर, काही उघडं राहायला नको म्हणून की काय, बटणांचा डबा पडला.

समोर सुभेदार उभे होते. सुभेदार हे नाव त्यांना मिशीवरून पडलेलं. धंदा पहारेकरी पुरवण्याचा. बावीस पहारेकऱ्यांचे गणवेश कुठल्या शिंप्याला द्यावेत, हे ठरवायला ते दुकानात आले होते.

“मास्तर,” ताक्याखाली वाकून बघत ते म्हणाले, “माझ्या माणसांना चोर उचलायचे असतात. त्यांचे कपडे शिवणाऱ्याला निदान कापड तरी उचलता यावं हो!”

“पाय घसरला, साहेब.”

“बरं बरं. जुने गणवेश अजून सहा आठवडे चालतील. मग बघू. तोवर समोरच्या दुकानाचाही भाव विचारून ठेवतो.”

समोरचं दुकान म्हणजे तयार कपड्यांचं, काचेचं, आत पुतळे उभे असलेलं. त्याने मास्तरांची निम्मी गिऱ्हाइकं गिळून ढेकरसुद्धा दिला नव्हता. त्याचा मालक मास्तरांना येता-जाता म्हणायचा, “या की आमच्याकडे कटिंगला. पंख्याखाली बसाल.” बावीस गणवेशही तिकडे गेले, तर मास्तरांना खरोखरच त्या पंख्याखाली जाऊन बसावं लागणार होतं.

सुभेदार गेल्यावर मास्तरीणबाईंनी बटणं वेचली आणि मग नवऱ्याला. काज-बटण आणि मापांची वही ही दोन खाती त्यांच्याकडे होती. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाची छाती, कंबर, उंची आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेरे बाई स्वतः लिहायच्या. वकिलांपुढे लिहिलं होतं, ‘माप देताना पोट आत ओढतात, दोन इंच धरावे.’ टपालवाल्यापुढे, ‘डावा खांदा उतरता, पिशवीमुळे.’

“लागलं का हो?”

“मनाला,” मास्तर म्हणाले. “शरीर कमवायचं मी ठरवलंय.”

“आधी संध्याकाळी मशीन आत घेताना मधे टेकायचं बंद करा,” बाई म्हणाल्या. उजेडासाठी शिवणाचं मशीन दिवसभर दारात असायचं. रात्री आत घ्यायला एका बाजूने बाई, दुसऱ्या बाजूने मास्तर, आणि चार पावलांच्या अंतरात तीन मुक्काम. तिन्ही मास्तरांचे.

दुसऱ्या दिवशी मास्तर व्यायामशाळेत चौकशी करून आले. फी ऐकून त्यांची छाती होती त्याहून दोन इंच आत गेली. ताकदीच्या पावडरीच्या डब्याची किंमत तर त्यांनी पुरती ऐकलीच नाही. आकडा संपायच्या आत ते रस्त्यावर होते. घरी येऊन खडू घेतला आणि कटिंगच्या टेबलावर हिशेब मांडला. मूठभर भिजवलेले चणे, मूठभर शेंगदाणे, दोन अंडी, पेलाभर दूध. पैशाला किती ताकद पडते, हे तपासलं तर चण्यांनी डब्याला धूळ चारली. आणि वजनं? दुकानात वडिलांच्या वेळच्या कोळशाच्या दोन इस्त्र्या होत्या. एकेक पाच किलोची, पकडायला लाकडी मूठ, आणि फी शून्य.

“त्या तापलेल्या नसताना उचला म्हणजे झालं,” बाई म्हणाल्या.

पहाटे पाचला उठणं सुरू झालं. चहातली साखर गेली. रात्री दहाला दिवा बंद. शंभर बैठका म्हणत म्हणत पहिल्या दिवशी अकरा झाल्या, पण पुढे आकडा खरंच वाढत गेला. इस्त्र्या वर, इस्त्र्या खाली. गळ्यात मापाची टेप तशीच लटकलेली. ती सुती टेपही वडिलांचीच. मास्तर ती फक्त झोपताना काढत, तेही बाईंनी आठवण केल्यावर. व्यायामाच्या घामाने ती बनियनसारखीच भिजू लागली. चांगल्या सवयींच्या यादीत स्वच्छता होतीच. तेव्हा दर रविवारी बनियनबरोबर टेपही उकळत्या पाण्यात पडू लागली.

“नवी टेप घ्या ना,” बाई म्हणाल्या.

“दोन अंड्यांचे पैसे पडतात,” मास्तर म्हणाले. तिथे विषय मिटला.

दर सोमवारी सकाळी मास्तर दंडाचं माप घेत. सुरुवातीला दहा इंच भरला होता. पहिल्या सोमवारी दहाच्या पुढे केसभर. दुसऱ्या सोमवारी स्पष्ट पाव इंच जास्त. चौथ्या सोमवारी साडेदहा. मास्तर टेपकडे बघत राहिले, मग दंडाकडे, मग पुन्हा टेपकडे. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे देह मोजले होते. आपल्याही देहात असं काही घडू शकतं, हे त्यांना नवंच होतं. ते हळूच म्हणाले, “चणा काय चीज आहे!” आणि टेबलावरच्या वाटीला त्यांनी चक्क हात जोडले.

पाचव्या आठवड्यात वकील कोटाचं माप द्यायला आले. वहीत छाती अडतीस होती. टेप चाळीस दाखवत होती.

“वकीलसाहेब!” मास्तरांनी टेप पुन्हा गुंडाळून पाहिली. “तुम्हीसुद्धा?”

“काय झालं?”

“दोन इंच! छाती!”

वकिलांनी आधी आरशात पाहिलं, मग खोकून म्हणाले, “हल्ली कोर्टाचा जिना चढूनच जातो मी. लिफ्ट बिघडलीय ना.”

त्यानंतर टपालवाला भरला. त्याच्या मते सायकलने. किराणावाला भरला. त्याच्या मते रात्रीचं जेवण लवकर केल्याने. माणसाला वाईट बातमी सांगितली तर तो पुरावा मागतो. चांगली सांगितली तर पुरावा स्वतःच आणून देतो. गल्लीत हळूहळू घरोघर चणे भिजू लागले. किराणावाला मास्तरांना दुरून नमस्कार घालू लागला आणि चणे दोन रुपयांनी महाग विकू लागला. समोरच्या काचेच्या दुकानातला नोकरसुद्धा जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारून गेला, “मास्तर, अंडं उकडून की कच्चं?”

सहा आठवडे झाले आणि सुभेदार बावीस माणसं घेऊन हजर झाले. हातात नोकरीवर घेतानाच्या मापांचं रजिस्टर. मास्तर मोजत होते, बाई लिहीत होत्या, सुभेदार रजिस्टरशी ताडून बघत होते. पहिला माणूस, छातीला दोन इंच जास्त. दुसरा, सव्वादोन. सातव्या माणसाला सुभेदारांनी मिशीवरचा हात काढला. पंधराव्याला ते खुर्चीवर बसले.

“बावीसच्या बावीस,” ते पुटपुटले. “मास्तर, मी यांना रोज सकाळी अर्धा तास कवायत देतो. सगळे म्हणतात, सुभेदार उगाच पोरांना दमवतो. आणि हे... हे बघा!” त्यांचे डोळे पाणावले होते. “काम तुमचं. बरं शिवलंत तर दर वर्षीचं तुमचं.”

मास्तरांनी खाकी ताका एका हाताने खाली काढला. त्या आनंदात ते कुणाच्याच, अगदी त्यांच्याही, लक्षात आलं नाही.

टेबलाच्या कडेला ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर इंच मोजून मास्तरांनी कापड बेतलं. टेप माणसाच्या अंगाला आणि लोखंडी पट्टी कापडाला, ही वडिलांची शिस्त. आठ दिवसांत बावीस सदरे, बावीस विजारी झाल्या. फक्त बटणं राहिली होती.

नवव्या दिवशी शेवटची बटणं लावता लावता बाईंनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“अहो, टपालवाल्याची छाती वाढली, कबूल.”

“वाढणारच. सायकल.”

“आणि पाय?”

“पायही भरतात सायकलने.”

“भरू देत हो. लांब कसे होतात? विजारीची उंची एकोणचाळीस होती, आता साडेएकेचाळीस. त्याचं वय पंचेचाळीस आहे.” बाईंनी पान उलटलं. “वकिलांचा हात दीड इंच लांब झालाय. कायद्याचा असेल, पण सदऱ्याची बाही?”

मास्तरांनी तोंडातला चणा गिळला नाही. बाई उठल्या, त्यांच्या गळ्यातली टेप काढली आणि टेबलावरच्या लोखंडी पट्टीला लावली. टेपचा साठावा इंच पट्टीच्या छप्पन्नाव्या इंचावर येऊन थांबला. पुढचे चार इंच बनियनबरोबर उकळून गेले होते.

मास्तरांनी बाही वर केली. “लोखंडी पट्टीवरून दोरा मोजून घे. दंड बघ.”

बाईंनी दोरा गुंडाळला, पट्टीला लावला. “सव्वादहा.”

“दोन महिने,” मास्तर म्हणाले. “शंभर बैठका. शंभरावर अंडी. पाव इंच!” त्यांनी वाटीतल्या चण्यांकडे असं पाहिलं, जसं नापास झालेल्या पोराच्या शिकवणीवाल्याकडे बघतात.

पण रडायलाही फुरसत नव्हती. दारात निरोप्या उभा होता. सुभेदारांनी सगळे गणवेश आजच, आत्ता, पहारेकऱ्यांच्या चौकीवर मागवले होते. पहारेकरी ज्यांच्या कारखान्यावर होते, त्या मोठ्या साहेबांची तपासणी एक दिवस अलीकडे आली होती.

चौकीच्या अंगणात बावीस माणसं कपडे घालून रांगेत उभी राहिली. बावीस माणसं कसली, बावीस तंबू! बाह्या बोटांवरून लोंबत होत्या. विजारी बुटांवर बसल्या होत्या. टोकाच्या सडपातळ पहारेकऱ्याला सुभेदारांनी “दाहिने मुड” दिलं. तो वळला, सदरा मात्र समोरच बघत राहिला.

मास्तरांनी टेप पुढे धरली. “साहेब, चूक माझी. ही धुऊन आटली. कुणीच वाढलेलं नाही. मी फुकट उसवून पुन्हा शिवून देतो. आणि काम समोरच्या दुकानाला द्यायचं असेल, तर तेही बरोबरच आहे.”

सुभेदारांनी टेप घेतली. स्वतःच्या मिशीला लावून बघितली. ती नेहमीपेक्षा लांब भरली, तेव्हा त्यांना पटलं.

“मास्तर,” ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “परवा मी मोठ्या साहेबांना लेखी कळवलंय. माझ्या कवायतीने प्रत्येक माणूस दोन इंच भरला म्हणून. साहेबांनी शाबासकीचं पत्र पाठवलंय. बायकोने ते काचेत घालून भिंतीला लावलंय.”

“मग आता?”

सुभेदारांनी रांगेकडे बघितलं. छाती पुढे काढली. “मग काय? गणवेश बरोबर आहेत. माणसं कमी पडलीयत!” आणि मोठ्याने, “ऐका रे! उद्यापासून अर्ध्याऐवजी एक तास! दम निघाला तरी चालेल, पण हा सदरा भरला पाहिजे!”

“पण साहेब, पाय? पाय कवायतीने लांब होत नाहीत.”

“ते तुम्ही बघा. बाह्या आणि विजारी दुमडून द्या. तपासणी दुपारी चारला आहे. इथेच बसा, इथेच शिवा.”

“इथे मशीन?”

“आणा की!”

मास्तर पळाले. दुकानाच्या दारातलं मशीन, लोखंडी पायांसकट, त्यांनी उचललं आणि खांद्यावर टाकलं. काचेच्या दुकानावरून, किराण्यावरून, उन्हातून, चढावरून ते थेट चौकीत आले, मशीन अंगणात ठेवलं, दोरा ओवला आणि पहिली विजार सुईखाली घेतली. पाठोपाठ बाई रिळांचा डबा घेऊन धापा टाकत पोचल्या.

“मी किराणावाल्याला बोलवायला गेले होते, एका बाजूला धरायला,” त्या म्हणाल्या. “मशीन कुणी आणलं?”

“मी.”

“दुसऱ्या बाजूला कोण होतं?”

मास्तरांचा पाय मशीनचं पायडल शोधता शोधता थांबला. ते मशीनकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हातांकडे.

“किती ठिकाणी टेकलं?” बाईंनी विचारलं.

“टेकायचं राहिलंच,” मास्तर म्हणाले.

चारच्या आत चव्वेचाळीस बाह्या आणि चव्वेचाळीस पाय दुमडून झाले. मोठे साहेब आले, रांगेवरून चालले आणि म्हणाले, “वाढीला जागा ठेवलीय. दूरदृष्टी आहे.” सुभेदारांनी दर वर्षीच्या कामाच्या कागदावर तिथेच सही केली. जाताना मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, “ती टेप मात्र माझ्याकडे राहू द्या. पुढच्या वर्षी मोठे साहेब स्वतः मोजायला आले तर असावी.”

मास्तरांनी दिली. येताना वाटेत नवी टेप घेतली. त्या दिवशी दोन अंडी कमी खाल्ली.

संध्याकाळी मशीन दारातून आत घ्यायची वेळ झाली. बाई सवयीने एका बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, कारण मशीन आत गेलेलं होतं. मग त्यांनी दिवा लावला, मापांची वही काढली आणि नवऱ्याच्या पानावर दंडापुढचा गेल्या सोमवारचा ‘पावणेअकरा’ खोडून ‘सव्वादहा’ केला. मास्तर चेहरा पाडून बघत होते.

बाईंनी लेखणी शेऱ्याच्या रकान्यात नेली, जरा विचार केला आणि लिहिलं, ‘मापावर जाऊ नये. मशीन एकट्याने उचलतात.’