वांग्यांना घातलेलं गाऱ्हाणं

वांगी लावण्यात काही म्हणजे काही कठीण नाही! रोप लावावं, पाणी घालावं, वांगं धरलं की तोडावं. एकसष्ट साली मी अगदी याच शब्दांत हे सगळ्यांना सांगत होतो. तेव्हा मी मालवणच्या कचेरीत कारकून होतो आणि जगातली सगळी कामं मला अर्ज लिहिण्याइतकी सोपी वाटत.

भानगड सुरू झाली सासऱ्यांमुळे. त्यांना सगळे दाजी म्हणत; ते कणकवलीकडचे, भातशेती आणि काजूवाले. माझ्या बायकोला, तुळसाला, माहेरची कपिला गाय हवी होती. लग्न झाल्या दिवसापासून हवी होती! दिवाळीला दाजी आले तेव्हा तिने पुन्हा विषय काढला. दाजींनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"जावयबापू, परड्यात वांग्याचा एक झाड जगवन दाखवा. ज्येका वांगा जगवूक येणा नाय, त्येच्या दारात गाय कशी बांदू?"

"एक कित्या? चोवीस जगवतंय!" मी उसळलो. "जत्रेक येवा, पोटभर वांगी खावा आनी गाय धाडा!"

घरामागच्या परड्यात चोवीस रोपं लावली. खत म्हणून बांगड्यांची डोकी पुरली, तर गल्लीतल्या मांजरांनी ती रोपांसकट उकरून काढली. किडीसाठी राख मारली, ती खाऱ्या वाऱ्याने उलटून माझ्याच डोळ्यांत गेली. पण मी हटलो नाही! रोज सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस कळश्या विहिरीतून ओढल्या. तळहातांचे फोड बघून साहेबांनी विचारलं, "काय हो, मारामारी केलीत की काय?"

"नाही साहेब. वांगी."

साहेबांनी त्या दिवशी मला लवकर घरी सोडलं. बहुधा घाबरले असावेत.

अकरा झाडं वाचली. आणि माघात काय वांगी धरली म्हणता! जांभळी, तुकतुकीत, देठाला हे एवढाले काटे! मी कचेरीत जाताना मोजायचो, आल्यावर मोजायचो. एके दिवशी आल्यावर मोजली तर तीन कमी! जत्रा आठवड्यावर आली होती. हे असंच चाललं तर दाजींच्या ताटात काय वाढणार, माझे फोड?

मी सरळ महादू घाडीला बोलावलं. गावातर्फे देवापुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. परड्याच्या कोपऱ्यात नारळ ठेवून तो असा गरजला की सगळी गल्ली दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे गोळा झाली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गल्ली ओरडली.

"ह्या परड्यातल्या वांग्याक जो कोण हात लावीत, त्येचो हात थंयच्या थंय चिकटान रवांदे!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आता मी शिकलेला माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण चोराचा असतो ना! त्यानंतर एक वांगं गेलं नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. दाजी दहाच्या एस.टी.ने येणार. मी ऐटीत फर्मावलं, "तुळसा, बारा वांगी काड!"

"मी नाय गो बाये! जो कोण हात लावीत म्हणान सांगलास मां? तुमीच काडा!"

"त्येका काय होता!" म्हणत मी परड्यात गेलो. वांग्यापासून चार बोटांवर माझा हात थांबला. मी तो पुढे ढकलला. तो जाईना! मागे गडग्यावर शेजारच्या हौसाबाई हनुवटी टेकून उभ्या होत्या.

"भियालास काय हो?"

"हात धुवन येतंय!" म्हणत मी जो सुटलो तो थेट देवळात. महादू डोक्याला मुंडासं बांधून पालखीपुढे उभा होता.

"गाऱ्हाणा मागे घे रे बाबा!"

"आज? देव पालखीत आसा, परड्यात येवन ऐकतलो कोण? तीन दिसांनी बघूया!"

तीन दिवसांनी! घरी आलो तेव्हा दाजी हातपाय धुऊन ओटीवर बसले होते. "वांग्यांचो वास येणा नाय तो जावयबापू?" त्यांनी गोड आवाजात विचारलं. तो गोड आवाज मला सहन झाला नाही. मरू दे हात! परड्यात धावलो, डोळे गच्च मिटले आणि सगळ्यांत मोठं वांगं मुठीत धरलं.

"चिकाटलो! मेलंय! चिकाटलो!"

दाजी धावत आले. माझी मूठ उघडून त्यांनी तळहातात रुतलेला देठाचा काटा उपटला, माझ्या नाकासमोर धरला आणि एक हिसका देऊन ते वांगं स्वतःच तोडलं. "वांगा असा तोडतत! काट्याक भिवन बोंबलतास!"

"दाजीनू!" गडग्यावरून हौसाबाई किंचाळल्या. "त्या वांग्यांक म्हादू घाड्यान गाऱ्हाणा घातलला आसा! हात लावीत त्येचो चिकाटतलो!"

दाजींचा चेहरा पांढराफटक पडला. मूठ वांग्यावर आवळली ती आवळलीच. "सुटणा नाय गो तुळसा!" भाताचं पोतं एका हाताने उचलणारा तो माणूस एका वांग्याला धरून लेकीला हाका मारत होता! मी त्यांची बोटं सोडवायला पुढे झालो खरा, पण मध्येच माझेही हात खिशात गेले.

तुळसा स्वयंपाकघरातून शांतपणे सांडशी घेऊन आली.

"बाबानू, आदी गाय देतंय म्हणा."

"देतंय गो! वासरासकट देतंय!"

तिने सांडशीने वांग्याचा देठ धरला आणि हळूच ओढलं. वांगं सुटलं. "गाऱ्हाण्यात हाताचा नाव आसा, सांडशीचा नाय," ती म्हणाली आणि त्याच सांडशीने पटापट बारा वांगी पिरगाळून टोपलीत टाकली.

"ह्या सकाळीच कित्या सांगूक नाय?" मी ओरडलो.

"बाबा येवची वाट बघी होतंय."

जेवताना दाजींनी भरली वांगी तीनदा मागून घेतली. पण अट घातली, की गाय तुळसाच्या नावाने, जावयबापूंनी तिच्या दाव्यालाही हात लावायचा नाही. मी ती अट आजतागायत पाळतो आहे. शेण तेवढं मी काढतो.