दाढेचा बांध

दापोऱ्याच्या सदाशिवची खालची दाढ ठणकत होती आणि परवा पुतण्याच्या लग्नात मावा जिलेबी होती. या दोन गोष्टींचा समेट घडवून आणायला तो बायकोला, भागीरथीला, घेऊन बुऱ्हाणपूरच्या 'आदर्श दंतसेवा केंद्रा'त आला.

"कोणती बाजू?" खिडकीतून ज्योत्स्नामॅडमनी विचारलं.

"उजवी."

"जबड्याची नाही काका, दाताची." त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. गालाकडची बाजू बकल, जिभेकडची लिंग्वल, चावायची ऑक्लुजल. समोरच्या दातांकडे तोंड केलेली मेसियल, त्यांच्याकडे पाठ फिरवलेली डिस्टल. पाच बाजू, पाच खिडक्या, पाच फॉर्म.

आपल्या तोंडात एवढा कारभार चालतो हे कळून सदाशिवला थोडा अभिमानच वाटला. "मले तं सगळीकडूनच दुखतं," तो म्हणाला.

"सगळीकडूनचा कॉलम नाही."

शेवटी डॉक्टर रितेशनी आरसा घालून पाहिलं. कीड पहिल्या दाढेच्या डिस्टलला होती, तशीच दुसरीच्या मेसियललाही. म्हणजे बरोबर दोघींच्या मधे.

"मामला बॉर्डरचा आहे काका. अटकणार."

सदाशिवचा चेहरा खुलला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी समजलं होतं. "म्हणजे बांधावर. कोरला कोणी?"

"तेच ठरवायचंय. शेजारच्या दाढेचं ना-हरकत पत्र आणा."

"सही कोण करंल?"

"तिचा मालक."

"तो मीच ना."

"दोन्ही पार्ट्यांकडून एकच माणूस? असं कसं चालेल? दुसरीतर्फे दुसरं कोणी द्या."

बाकावर भागीरथी होतीच. तिने कागद घेतला, चष्मा लावला आणि तेवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आपलं म्हणणं लेखी मांडलं: हरकत आहे.

"अवो, काय करू राहिली?"

"माह्या दाढेनं काहीच केलं नाही. पहिले तुमचीच किडली. तंबाखू कोण खातं?"

ज्योत्स्नामॅडमनी हरकतीवर शिक्का मारला. सुनावणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची पडली. तोवर 'वादग्रस्त जागेत चावण्यास मनाई'.

लग्नात सदाशिवने हुकूम पाळला. गार वरणात भात कालवून तो न चावता गिळत राहिला. त्याच्या वाटची जिलेबी दुसऱ्या दाढेच्या वतीने भागीरथीने खाल्ली आणि तशी पोचही लिहून दिली.

तुम्हाला हसू येतंय. पण मघापासून तुमची जीभ एका दाढेभोवती घुटमळतेय. ती आतून गुळगुळीत फिरत असेल तर लिंग्वल, खिडकी दुसरी. दोन दाढांच्या मधे अडकत असेल, तर घरात सही कोण करणार ते आधी बघा आणि त्या माणसाशी आजपासून गोड बोला.