जनकाबाईची नीळ

"सोमवारी सारं कॉलेज माह्यामागं येते, पाहा!" मोताळ्याच्या घरी ओट्यावर दोन बाटल्या मांडत प्रसेनजितनं जाहीर केलं. गावात जिकडेतिकडे नवीनच बीटी कपाशी झाली होती, ते हे दिवस.

कॉलेजच्या भट्टीत भाजून त्यानं एक भुकटी केली होती. कण केसाहून हजारपट बारीक! ती निळ्या रंगाच्या पाण्यात टाकून उजेडात ठेवली, की रंगाचा चुराडा होऊन पाणी नितळ! एका बाटलीत भुकटी, दुसरीत तुलनेसाठी नुसतं निळं पाणी. सोमवारी निकाल दिसला नाही, तर पीएच.डी.चे गाईड त्याच्याकडून विषय काढून घेणार होते. मग प्रसेनजित आणि बाबांच्या शेतातली फवारणी!

"यात काय हाय रे?" आईनं, म्हणजे जनकाबाईनं विचारलं.

"तुले नाही समजत, माय. माह्या डिग्रीचा जीव या रंगात हाय, बस! कोणाले हात लावू देऊ नको."

दिवसभर तो आई-बाबांसोबत कापूस वेचायचा. संध्याकाळी येऊन पाहावं, तर दोन्ही बाटल्या सारख्याच निळ्या! बुधवारी तर भुकटीवाली जास्तच निळी.

"बीटीच्या पाकिटावर बी लय बोंडं असतात," बाबा म्हणाले. बिचाऱ्यांचं त्या वर्षी निम्मंही पिकलं नव्हतं. "झाडावर मोजाले गेलं की समजते. चाल बे, सोमवारी पंप घे पाठीवर."

प्रसेनजितला रडू यायचं बाकी राहिलं. त्यात रविवारी पांढरा शर्ट धुऊन आला तो पिवळट!

"माय, नीळ काऊन नाही लावली?"

"संपली."

"अख्खी बाटली? परवाच तं आणली!"

"मंग? तुह्या त्या बाटलीचा रंग रोज उडून जाये! पार पाणी! मी म्हटलं, पोराच्या डिग्रीचा जीव जाऊन राह्यला. तुमच्या आधी घरी येऊन रोज दुसरीसारखी करून ठेवली. बुधवारी जराशी जास्त पडली."

प्रसेनजितनं आईला उचललंच!

"अबे, सोड! कंबर मोडशीन!"

त्यानं लगेच ताजं निळं पाणी भरलं आणि बाटलीपुढं स्वतः राखणीला बसला. दुपारपर्यंत पाणी नितळ! सोमवारी पिवळट शर्टातच त्यानं विषय राखला.

आता तो डॉक्टर प्रसेनजित आहे. प्रयोगशाळेत पाऊण तासात रंग उडतो, आणि तो परत आणून ठेवणारी आई आता या जगात नाही. तिची फार आठवण येते.

शर्ट मात्र अजून पिवळटच असतात. बादलीत नीळ किती टाकायची, हे रंगातल्या या डॉक्टरला कधीच समजलं नाही.