ऱ्हाईन बघून आलेले आप्पा

“आधी वास घ्या. घोट मागून,” मन्मथआप्पा जीपच्या ड्रायव्हरला सांगत होते.

स्टीलच्या पेल्यात काळ्या द्राक्षांचा रस होता. ड्रायव्हरनं वास घेतला. “द्राक्षाचाच येऊन राहिला, आप्पा.”

आप्पा अहमदपूरचे आमचे शेजारी. पाइप आणि बोअरच्या मोटारी विकतात. गेल्या वर्षी पुण्याच्या एका ग्रूपसोबत जर्मनीत ऱ्हाईन नदीवर जाऊन आले. किल्ले, चित्रं, वाइन. लिंगायत माणूस, गळ्यात लिंग; म्हणून वाइन नुसती हुंगली. पण बोलतात असं, की पिणाऱ्यानं लाजावं. चित्राची पारख त्याहून सोपी. “पाय दुखले तरी हलावं वाटंना, म्हंजे चित्र भारी.”

परत आल्यापासून आमच्या गल्लीत धड काही उरलंच नाही. नाली तुंबली, लाइट गेली, लग्नात पंगत उशिरा बसली, की “ऱ्हाईनला असं न्हाई.” एकदा तर मातीला गेलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, “तिकडं स्मशानात बी बसायला बाकडी हायत.”

तिकडून परत निघताना तो पुण्याचा ग्रूप म्हणाला होता, “आप्पा, आता तुमच्याकडचं दाखवा हं!” पुण्याचे लोक असं म्हणतात. आप्पांच्या दुकानात मात्र तोंडानं सांगितलं की ऑर्डर पक्की. त्यांनी रविवार कळवला, पलीकडून “नक्की, नक्की” आलं. म्हणून आम्ही सकाळपासून कंधारच्या किल्ल्यासमोर उभे होतो. मला आणलं ते कुणी इंग्रजी बोललंच तर म्हणून. इंग्रजी शाळेत मी मुख्यतः गप्प बसायला शिकले, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आप्पांनी फोन लावला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

“अय्यो, आप्पा! तुम्ही खरंच थांबलात की काय?” मागे बरेच जण हसले.

“न्हाई वो,” आप्पाही हसले. “मी बी गंमतच करून राहिलो. दुकानातच हाय.”

फोन खिशात गेला. आप्पा पाहुण्यांसाठी मांडलेला एकेक पेला उचलून रस परत कॅनमध्ये ओतू लागले. थोडा रस नव्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. ड्रायव्हर उगीच टायर बघायला गेला.

“चल माय,” आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले. “काय हाय इथं बघण्यासारखं.”

हा किल्ला मी शाळेच्या सहलीत पाहिला होता. दोनदा.

“आप्पा,” मी म्हणाले, “मला दाखवा ना. मी कधीच पाहिला नाही.”