पोटातल्या नातीशी गप्पा

माणसाचं मन कसं घडतं, ते मला विचारा! आईच्या पोटापासून थेट प्रौढपणापर्यंतचा सगळा प्रवास सांगणारा एक जाडजूड ग्रंथ मी वाचला आहे. म्हणजे, पहिलं प्रकरण वाचलं आहे. पण ते दोनदा!

त्यात लिहिलं होतं, की बाळाला पोटात असल्यापासून ऐकू येतं आणि सतत कानावर पडलेला आवाज ते जन्मल्यावर ओळखतं. आमच्या लेकीला तेव्हा सातवा महिना होता आणि आमचे व्याही आदल्याच रविवारी मिशीवर ताव देत म्हणाले होते, "बाळ पहिल्यांदा हसेल ते माझ्याकडे बघून!"

आता गप्प बसणं शक्य होतं का?

अडचण एकच. लेक दातांची डॉक्टर. दिवसभर दवाखान्यात, घरी आली की आडवी. शेवटी स्टूल घेऊन मीच दवाखान्यात जाऊन बसलो. तिच्या पोटाच्या अगदी समोर.

"बाबा, पेशंट आहे."

"असू दे की. मला त्याच्याशी कुठे बोलायचंय?"

खुर्चीत एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर आ वासून पडला होता. तोंडावर दिवा. लेकीने यंत्र सुरू केलं. घुर्रर्र! मी पुढे वाकून प्रेमाने म्हणालो, "घाबरू नकोस रे सोन्या. थोडेच दिवस राहिलेत."

ड्रायव्हरचे डोळे दिव्यापेक्षा मोठे झाले.

"सगळा अंधार आहे ना? ठाऊक आहे मला. पण एकदा सुटलास की सगळे भेटतील. आजी वाट बघतेय, आजोबा वाट बघताहेत..."

ड्रायव्हरचे आजी-आजोबा बहुधा कधीच गेले असावेत. तो गळ्यातल्या कागदी रुमालासकट उठला आणि अर्धा दात तसाच घेऊन पळाला. बाहेर बसलेल्यांना त्याने काय सांगितलं देव जाणे, बाकं रिकामी!

"बाबा," लेक दात ओठ खात म्हणाली, "उद्यापासून यायचं असेल तर कुजबुजायचं. नाहीतर घरी."

मी कुजबुजलो. दोन महिने नेमाने, यंत्राच्या घरघरीत, घसा बसेपर्यंत कुजबुजलो.

नात झाली. हसायच्या वयाची झाली, तसे व्याही हजर. त्यांनी "बाळे!" म्हणून हाक मारली आणि तिने भोकाड पसरलं. मला गुदगुल्या झाल्या. मी खाकरून पुढे झालो. "सोन्या, ओळखलंस का?"

वसुलीला आलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि दुप्पट आवाजात रडू लागली.

इतक्यात वरच्या मजल्यावर सुताराने भिंतीला भोक पाडायला घेतलं. घुर्रर्र!

नात गप्प. छताकडे बघून बोळकं पसरून हसली!

"वा!" व्याही म्हणाले. "सुताराला बरोब्बर ओळखलं!"

मी हरणारा गडी नाही. सुतार थांबला तसं मी तिच्या कानाशी गेलो, गाल फुगवले आणि सुरू केलं, घुर्रर्र! हसली की हो! माझ्याकडे बघून हसली!

तेव्हापासून ती रडली की घरभर माझ्या नावाने पुकारा होतो. थांबलो की रडते, म्हणून मी थांबत नाही. काल बायको शांतपणे म्हणाली, "अहो, त्या ग्रंथाचं शेवटचं प्रकरण प्रौढपणाचं आहे ना? तेवढं तरी वाचा."

वाचणार आहे. नात प्रौढ झाली, की दोघं मिळूनच वाचू. तोवर... आलो गं, आलो! घुर्रर्र!