शालिक अजून तयार नाई

तुळशीरामभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका बॉक्सरच्या दंडाला चावत होते.

मी मूल गावातल्या एका राइस मिलच्या फाटकाशी कामगार संघटनेची पत्रकं वाटत उभा होतो. मला वाटलं मारामारी आहे. कामगारांनी आपसात मारामारी करणं माझ्या तत्त्वात बसत नसे. गठ्ठा खाली टाकून मी धावलो. तेवढ्यात भाऊंनी तोंड बाजूला केलं, डोळे मिटून जरा चव घेतल्यासारखं केलं आणि म्हणाले, "ओल हाये. अजून उन्हं पायजे याले."

चावून घेणारा शांतपणे दंड पुसत मला म्हणाला, "जयभीम. द्या एक पत्रक."

भाऊ मिलचे मिस्त्री. भरडायला आलेल्या धानाचा दाणा ते दाताखाली धरत. कट्कन तुटला की धान वाळलं, घाला मशीनमध्ये. दबला की ओलं, पसरा उन्हात. सगळ्या मिलवाल्यांची हीच रीत. पण ती माणसाला लावणारे भाऊ एकटेच. त्यांच्या मते जगातली कोणतीही वस्तू तयार आहे की नाही हे दाताला कळतं, आणि शालिक ही त्यातलीच एक वस्तू.

हा चावून घेणारा शालिक त्याच मिलमध्ये हमाल होता. पंचविशीचा गडी, धानोऱ्याकडून कामाला आलेला, मागे कोणी नसलेला. भाऊंची बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. दोघं मिलमागच्या खोलीत राहत, एका चुलीवर रांधत आणि दिवसभर वाद घालत. वादाचा विषय एकच. शालिक जिल्ह्याच्या किताबासाठी लढायला तयार आहे की नाही?

किताबाची लढत दर हिवाळ्यात ऊर्जानगरच्या मैदानावर होई. तिथल्या वीज केंद्राचा एक क्रेन ऑपरेटर तो कित्येक वर्षं पकडून बसला होता. त्याला हरवेल त्याला केंद्रात खेळाडूंच्या जागेवर नोकरी आणि राहायला क्वार्टर, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे शालिकच्या पाठीवरचं पोतं कायमचं उतरणार होतं. मी पेटलोच. रात्रीतून नव्या पत्रकाचा मजकूर लिहिला, 'पोत्याखालची मूठ उठते आहे!' भाऊंनी तो नीट वाचला.

"सारं बराबर लिव्हलं गा. फक्त 'उठते आहे' काट. 'उठल कधीतरी' असं लिव."

भाऊंचं बॉक्सिंगचं ज्ञान कामठीचं. तरुणपणी ते तिथल्या छावणीत भांडी घासायला होते आणि घासता घासता खिडकीतून शिपायांच्या लढती बघत. खिडकी लहान होती. त्यामुळे लढणाऱ्यांचे फक्त कमरेखालचे भाग त्यांना दिसले होते. ते पायांबद्दल तासभर बोलत, हातांचा विषय निघाला की चिडत. "मले नोको शिकवू, मी कामठी पाह्यली हाये," म्हटलं की चर्चा संपे.

तालमीची रीतही मिलचीच. बारदान्यात कोंडा भरून आढ्याला टांगला होता. शालिकने ठोसा मारला की कोंडा उडे आणि खाली कोंबड्या जमत. भाऊ त्यांना हाकलत नसत. त्यांच्या अंगावर पाय न देता लढला तर पाय तयार झाले, असा त्यांचा हिशेब. फेरी मोजायला घड्याळ नव्हतं. मशीनमधून एक पोतं भरडून निघालं की फेरी संपली. एकदा अर्ध्या पोत्यावर लाइट गेली. मशीन थांबलं, पोतं संपेना, म्हणून फेरीही संपेना. वीज आमच्या जिल्ह्यात तयार होते आणि दूरच्या शहरांत उजेड पाडते, यावर मी फाटकाशी भाषण ठोकलं, लोक आले, टाळ्या पडल्या, लोक गेले. आत शालिक अजून कोंड्याला मारत होता.

"भाऊ, थांबू का आता?"

"पोतं संपलं काय बे?"

"लाइट नाई तं संपल कसं?"

"मंग मार."

असा माणूस तयार नसेल तर कोण असेल? तरी दर हिवाळ्यात भाऊ चावत आणि मान हलवत. एका वर्षी ओल होती. पुढल्या वर्षी म्हणाले, जास्त वाळला, मशीनमधल्या कडक दाण्यासारखा लढतीत तुकडा पडल. त्याच्या पुढल्या वर्षी दाढ दुखत असल्याने निकालच लागला नाही.

माझा संशय पक्का झाला. चांगला हमाल सुटू नये म्हणून मालकाने भाऊंना फोडलं होतं! मी भर मिलमध्ये त्यांना विचारलं.

"भाऊ, कोणाच्या बाजूचे आहात तुम्ही?"

"मी मशीनच्या या बाजूले हाये. तू पट्ट्याच्या बाजूले हायेस. सरक, नाई तं पायजामा ओढला जाईल."

"मी वर्गाबद्दल बोलतोय."

"त्याले मार बसला तं तुहा वर्ग येईल काय शेकाले?"

पाठीवर पोतं घेऊन चाललेला शालिक आमच्यामधून गेला आणि न थांबता म्हणाला, "भाऊ, मी नाव देऊन आलो."

भाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. लढतीला मात्र सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसस्टँडवर उभे होते.

ऊर्जानगरच्या मैदानावर दोर बांधले होते, खुर्च्या होत्या, लाउडस्पीकर होता. केंद्राच्या क्रीडा मंडळाने दिलेले ग्लव्ह्ज भाऊंनी शालिकच्या हातांत घातले आणि पोत्याचं तोंड आवळावं तशी नाडी आवळली. लढत सुरू झाली. क्रेन ऑपरेटर भारी होता, पण त्याला वजन यंत्राने उचलायची सवय. शालिक खाली कोंबड्या असल्यासारखा नाचत होता. दुसऱ्या फेरीपासून ऑपरेटर त्याला नुसता शोधतच राहिला. भाऊ कोपऱ्यातून फक्त "पाय! पाय!" ओरडत होते. शेवटची घंटा झाली. पंचांनी शालिकचा हात वर केला. मी खुर्चीवर चढून घोषणा दिल्या.

आणि तुळशीरामभाऊ पंचांच्या टेबलाकडे गेले.

"साहेब, पुन्हा पाहा. काहीतरी चुकलं."

"तुम्ही ऑपरेटरकडून आहात का?"

"नाई. मी याचा वस्ताद. हा कसा जिंकला? हा तयार नोता."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. "अहो, हरकत हरणारा घेतो."

"तेच तं घेऊन राह्यलो," भाऊ म्हणाले.

लोक खो खो हसले. हरलेला ऑपरेटरही हसला. मंडळाचे चिटणीस शालिकला सांगत होते, पुढच्या महिन्यात हजर व्हा, क्वार्टर तयार आहे, एकट्याला पुरेशी खोली आहे. भाऊ ते ऐकत उभे राहिले. मग टेबल सोडून परत कोपऱ्यात आले.

पुढच्या जोडीला ग्लव्ह्ज हवे होते. भाऊ शालिकसमोर उकिडवे बसले आणि नाडी सोडू लागले. दिवसाकाठी कितीतरी पोत्यांची तोंडं सोडणारा माणूस. लाउडस्पीकरवरून दोनदा ताकीद आली. भाऊंची बोटं गाठीवरून फिरत राहिली.

"लय घट्ट बसली गा. सुटून नाई राह्यली."

मी खाली वाकलो. गाठ अगदी साधी होती, एक टोक ओढलं की सुटणारी. मी हात पुढे केला. शालिकने डोळ्यांनीच मला थांबवलं, आणि दोन्ही हात भाऊंच्या मांडीवर ठेवून म्हणाला, "होऊ द्या सावकाश, भाऊ. मले घाई नाई."