तलवार सोडून काहीही

जळगावात मला माणसांत आणलं ते सुपडू नानांनी. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचून तुम्ही हसाल, आणि मग हे सांगायचं राहून जाईल.

नाना केळीच्या खोडांशी लढतात. घड कापून नेल्यावर शेतात जी खोडं उभी राहतात, ती मालकाला विचारून ते मागून घेतात आणि एकेका खोडावर एकेक हत्यार चालवून बघतात. मी त्यांच्या घराखालची खोली भाड्याने मिळेल का विचारायला शेतात गेलो, तेव्हा कुऱ्हाड खोडात रुतून बसली होती आणि नाना खोडाला पाय लावून ती ओढत होते. मला बघून म्हणाले, "ती वही ले. लिही. कुऱ्हाड आत जास, पन बाहेर येत नही. एक डाव वाया."

मी लिहिलं. सातवीत शाळा सोडल्यापासून कुणी मला काही लिहायला सांगितलं नव्हतं. खोली मिळाली.

नाना डाळ मिलमध्ये फिटर होते, आता घरी असतात, एकटेच. त्यांचा पुण्यात शिकणारा भाचा एका सुट्टीत एक खेळ घेऊन आला, आणि जाताना पुस्तक आणि फासे इथेच विसरून गेला. या खेळात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. दरोडेखोर येतात, राक्षस येतात, आणि आपण मारलेला घाव लागला की नाही ते फासा ठरवतो. गोष्ट सांगायचं काम नानांचं. खेळायला आम्ही तिघं. धुळ्याचे विलासभाऊ, तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस आहेत, पारोळ्यावरून एसटीने येतात. संध्याताई सोन्याच्या दुकानात काउंटरवर असतात. आणि मी, कोकणातून पाइपच्या कारखान्यात आलेला. पहिल्या रविवारी मी म्हणालो, नाना, मला हिशेब जमत नाहीत, चुकलं तर? नाना म्हणाले, "कसाले घाबरस, कोकण्या? फासा काय दाखला मांगस का?"

पाळी संपवून आल्यावर अंगातून मशीनची धग जात नाही. आठवडाभर माझ्याशी जे बोलतात ते काम सांगायलाच. मग रविवार यायचा आणि मी दमलेला असलो तरी नानांकडचा जिना चढायचो. तो एक जिना नसता तर मी कधीच गावी परतलो असतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

नानांचं दुःख एकच होतं. पुस्तकात तलवारीचा आकडा सगळ्यात मोठा, म्हणून आम्ही तिघंही तलवार घ्यायचो. नाना तळमळायचे. "बठ्ठं सारखंच शे तं मंग चमचा ले ना!" सगळंच सारखं, तर चमचाच घ्या, असं. मग त्यांनी स्वतःचे नियम लिहायला घेतले. प्रत्येक हत्याराचं वजन, पोच, गंज. मूठ ओली असेल तर वजा दोन. ऊन डोळ्यांवर असेल तर आणखी एक. दोनशे पानी वही भरली. एका घावाला पाऊण तास लागू लागला.

"नाना," संध्याताई एकदा म्हणाल्या, "माझी तलवार गेल्या रविवारपासून हवेत आहे. खाली कधी येणार?"

"वारा मोजी राहिनू ना, ताई."

आणि एवढं करून झालं काय? सगळी बेरीज-वजाबाकी केल्यावर तलवारच सरस निघायची. पुढच्या वेळी पुन्हा तिघांच्या हातात तलवार.

शेवटी विलासभाऊंचा धीर सुटला. "नाना, राग मानू नका. मी दोन तास एसटीत धक्के खातो ते वजाबाकी करायला नाही. पुढच्या रविवारी नियम साधे करा, नाहीतर मी काही येत नाही भो."

संध्याताईंनीही मान हलवली. दोघं गेले. विलासभाऊ सुटले की ताई सुटणार, आणि मग नाना आणि मी दोघांत कसला खेळ? नाना वहीकडे बघत बसले होते.

"तू सांग रे. तू कसाले तलवार लेस?"

खरं सांगायची मला भीती वाटली, पण सांगितलं. "सगळे घेतात म्हणून. मी जन्मात तलवार धरलेली नाही, नाना."

"मंग तुना हातले काय वळखीनं शे?"

"पाग."

पाग म्हणजे खाडीत फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या लावलेलं. माझे वडील पागायचे, दहा वर्षांचा झाल्यापासून मीही. हे मी नानांना समजावलं, हातवारे करून. त्यांनी वही उघडली, पानं उलटली. दोनशे पानांत जाळं नव्हतं. वही बंद करून ते आत गेले.

मधले चार दिवस नाना घरी कमीच दिसले. रविवारी दुपारी त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. कोपऱ्यात एक पिशवी होती आणि तिच्यातून वास येत होता. माझ्या घराचा वास. शेजाऱ्याकडे अंडं उकडलं तरी खिडकी लावून घेणारा हा माणूस तापीकाठी जाऊन, मासेमारी करणाऱ्यांच्या हातापाया पडून, आठ दिवसांच्या बोलीवर जाळं घेऊन आला होता. एसटीत कंडक्टरने त्यांना शेवटच्या सीटवर बसवलं होतं म्हणे, आणि बाकीचे पुढे सरकले होते.

"फेक," नाना म्हणाले.

"कशावर?"

"मावर. केळीनं खोड काय हात हलावस?"

एका हातात काठी, एका हातात घड्याळ घेऊन ते स्वतःच गच्चीच्या मधोमध उभे राहिले. मला वाटलं, हात विसरला असेल. चार वर्षं झाली होती. कोपरावर घडी घेतली, कड दातात धरली, कमरेतून वळलो. जाळं फुललं आणि नानांवर पडलं.

नाना आतल्या आत काठी फिरवू लागले. जितकी फिरवली तितके गुंतले. शेवटी बसले. तेवढ्यात संध्याताई जिना चढून आल्या. "अगं बाई! एवढा मोठा मासा जळगावात?"

"हसू नका. वेळ मोजा," जाळ्यातून आवाज आला.

विलासभाऊ आल्यावर नानांनी टेबलावर एकच कागद ठेवला. वही कुठे दिसली नाही. "आकडा बठ्ठासना सारखा," ते म्हणाले. "आते फक्त काम. एक हत्यार, एक काम, जे दुसराले जमत नही." कुऱ्हाड ढाल फोडते, पण पुढचा डाव अडकून राहते. काठी समोरच्याला जवळ येऊ देत नाही. तलवार समोरच्याच्या वारावर उलट वार करते. आणि जाळ्याने कुणाला जखम होत नाही, पण ज्याच्यावर पडलं त्याचं हत्यार एक डाव बंद.

विलासभाऊंनी कागद दोनदा वाचला. "मग मी काठी घेतो," ते म्हणाले. संध्याताईंनी कुऱ्हाड घेतली. तलवार कुणीच घेतली नाही.

त्या दिवशी मी दरोडेखोरांच्या सरदारावर जाळं टाकलं. फासा टाकला. पडलं. ताईंनी ढाल फोडली, विलासभाऊंनी बाकीच्यांना काठीने दारात अडवून धरलं. आम्ही ओरडत होतो. तासाभरात लढाई संपली.

"नाना, मानलं तुम्हाला," विलासभाऊ उठत म्हणाले. "आता दर रविवारी येणार. आणि बघा, साडेचारची गाडीसुद्धा मिळते." ताईही त्यांच्याबरोबर निघाल्या. त्यांना बऱ्याच दिवसांनी रविवारची संध्याकाळ मोकळी मिळाली होती.

मी कप ठेवायला आत गेलो. ओट्यावर चौघांपुरत्या बट्ट्यांची कणीक मळून ठेवली होती, वांगी चिरून पाण्यात टाकली होती, वरणाचा कुकर भरून तयार होता. लढाई रेंगाळायची म्हणून दर रविवारी जेवण इथेच व्हायचं, आम्ही कुरकुरत जेवायचो. ती रेंगाळत का होती, हे मला तेव्हा कळलं. विलासभाऊंना नसेल कळलं. नानांना मात्र कागद लिहिताना ठाऊक असणारच, की आता जेवायला कुणी थांबणार नाही; तरी कणीक चौघांची मळली होती.

नाना दारात येऊन उभे राहिले. "इतलं लवकर संपनं," ते म्हणाले. मग ओट्याकडे बघत, "बरं झायं. नियम बरोबर शे."

मी म्हणालो, "नाना, मी जेवायला आहे."

नानांनी अर्धी कणीक झाकून ठेवली. मग म्हणाले, "ऊन शे अजून. माले शिकाड ते जाळं."

गच्चीवर त्यांनी सात-आठदा फेकलं. दरवेळी जाळं ओल्या टॉवेलसारखं पायाशी पडायचं. "परत," म्हणायचे आणि स्वतःच गोळा करायचे. मी त्यांची कोपरं धरून वळवत होतो, जशी माझी धरली होती वडिलांनी. अंधारून आलं तरी ते उघडलं नाही.

गच्चीवर शिकणाऱ्याच्या हातून ते उघडणारही नाही. शिकायला पायाखाली पाणी लागतं. एक दिवस, सुट्टी आणि पैसे दोन्ही जमतील तेव्हा, मी नानांना माझ्या गावी नेणार आहे. ओहोटीला खाडीत गुडघाभर पाण्यात उभं करून माझ्या वडिलांचा पाग त्यांच्या खांद्यावर ठेवणार आहे, आणि तो फुलेपर्यंत त्यांना परत आणणार नाही.